बर्फातली अंडी

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झालेला तो महाकाय जीव पुन्हा अवतरेल, तेव्हा उभी मानवजात थरथर कापेल, असं माझं ठाम मत होतं. प्रत्यक्षात तो अवतरला कराडला, एका सोमवारी सकाळी साडेनऊला, आमच्या अंगणात. तो मी होतो. आणि मानवजात, म्हणजे बालवाडीतली तेवीस मुलं, एका सुरात ओरडत होती, "आबा, तुमची शेपटी सुटली!"

शेपटी म्हणजे जुन्या लोडाची खोळ होती आणि तिच्यात रद्दी कोंबलेली होती. रद्दीत बहुतेक माझंच लेखन होतं. एका दैनिकात चाळीस वर्षं दर रविवारी मी विनोदी सदर लिहीत असे. ते इतक्या लोकांनी एकाच वेळी, इतक्या मनापासून पायाखाली तुडवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अहो, सरळ काय उभे राहताय?" माई पायरीवरून म्हणाली. "डायनोसॉर असा कमरेवर हात ठेवून उभा राहत नाही."

"अडुसष्टाव्या वर्षी राहतो."

माई म्हणजे माझी बायको. बालवाडी तिची. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरात ती शिकून आली होती, की मुलांना आठवडाभर एकच विषय धरून खेळवायचं. एक आठवडा भाज्यांचा झाला, एक वाहनांचा, आणि फेब्रुवारीतला हा डायनोसॉरचा. भाज्यांच्या आठवड्यात मी दुधी भोपळा होतो. त्या मानाने ही बढतीच म्हणायची.

तेवीस मुलं हसत होती. चोविसावी केतकी, आमची नात. साडेचार वर्षांची. ती हसत नव्हती. ती शांतपणे आली, मातीत पडलेली शेपटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"आबा, डायनोसॉर सगळे गेले ना?"

"गेले."

"कुठे?"

"साडेसहा कोटी वर्षं झाली गं, नक्की आठवत नाही."

"मग बारसं कधी आहे?"

अकरा दिवस मी रोज देत होतो तेच उत्तर दिलं. "उद्या सांगतो हं."

हे बारशाचं आता सांगूनच टाकतो. आमची मुलगी शर्वरी दुसऱ्या बाळंतपणाला हैदराबादहून आमच्याकडे आली होती. केतकीला बरोबर आणलं होतं, म्हणून ती तात्पुरती बालवाडीत. बाळ झालं. मुलगा. हृदय जन्मतःच अधू होतं. नवव्या दिवशी गेला. बारसं बाराव्या दिवशी होतं.

जावई हेरंबराव एकुलते एक. त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच नाही. बाळंतपणाच्या आधीच माईने निकाल दिला होता, "आत्या नाही तर नाही. ताई आहे की. केतकीच कुर्रर्र करेल." केतकीने ही नेमणूक फार गंभीरपणे घेतली. नाव तिनेच निवडलं आणि बारशाआधी ते कुणाला सांगायचं नसतं, हा नियम कुणीतरी तिला सांगितला. झोपेत तोंडून निसटेल म्हणून ती तोंडावर हात ठेवून झोपायची. आईलाही तिने ते सांगितलं नव्हतं.

बाळ गेलं. त्याला नाव नव्हतं, दात नव्हते, म्हणून सुतकही जेमतेम. शास्त्रात दुःखाची मापं ठरलेली आहेत, आणि आमचं सगळ्यात लहान मापात बसलं. हेरंबराव रजा संपली म्हणून परत गेले. माईने बालवाडी उघडली. "लोकांच्या मुलांनी काय पाप केलंय?" असं ती म्हणाली आणि दोन दिवस कणकेचे डायनोसॉर करत बसली. शर्वरी माडीवरच्या खोलीत होती. खिडकी बंद. ताट वर जायचं आणि थोडंफार विस्कटून खाली यायचं.

केतकीला आम्ही सांगितलं होतं, बाळ बाप्पाकडे गेलं. ते तिने ऐकून घेतलं होतं. फक्त परत कधी येणार, बारसं कधी, एवढंच तिचं विचारणं होतं.

"तुम्हीच सांगा तिला नीट," माई मला म्हणाली. "शब्दांचा धंदा तुमचा."

माझा धंदा उलटा होता. जे सगळ्या गावाला माहीत आहे, ते हसवत सांगायचं. ज्याला माहीत नाही त्याला समोर बसवून सांगायचं, हे मी जन्मात केलं नव्हतं. म्हणून मी उद्यावर ढकलत होतो.

बुधवारी अंडी होती. आदल्या दिवशी माईने फुग्यांत पाणी भरलं, प्रत्येकात एक बोटाएवढा प्लास्टिकचा डायनोसॉर घातला आणि फुगे फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवले. सकाळी रबर फाडलं. आठ गुळगुळीत बर्फाची अंडी परातीत मांडली. आत हिरवं, तांबडं काहीतरी धूसर दिसत होतं. मुलं परातीभोवती अशी बसली, जणू पंगतीत जिलबी येणार आहे.

"आतला मेलाय," मल्हार नावाच्या मुलाने जाहीर केलं.

"मेला नाही, झोपलाय," तनिष्का म्हणाली.

"मग उठव की!"

तनिष्काने अंड्याला तोंड लावून हाक मारली. "ए, ऊठ! शाळा आहे!"

"हाका मारून कुणी उठत नाही," मी म्हणालो. "आमच्या घरात मी त्याचं उदाहरण आहे. विचारा माईंना."

"दगडाने फोडू या," मल्हार म्हणाला.

"फोडलं तर आतल्याला लागेल. आपल्याकडे युक्ती आहे." मी जाड्या मिठाची पिशवी ओढली. ती उघडताना माझा हात मध्येच थांबला. माईने माझ्याकडे पाहिलं, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः मुलांच्या मुठीत मीठ घालायला लागली. मी पुढचं भाषण केलं. "वरून मीठ घालायचं. आणि धीर धरायचा. घाई नाही. आत अडकलेला आपोआप सुटतो."

मिठाने बर्फात भोकं पडली, कडकड आवाज आला, मुलं आनंदाने किंचाळली. अर्ध्या तासात पहिला डायनोसॉर पाय वर करून बाहेर आला. केतकी जागची हलली नव्हती. मिठाने हात लाल झाले होते, तरी तिने ते पुसले नाहीत.

"आबा, सगळे सुटतात?"

"सगळे. एकही राहत नाही," मी म्हणालो.

चाळीस वर्षांत मी पुष्कळ बेजबाबदार वाक्यं लिहिली आहेत. त्यांपैकी एकाचाही मला इतका पश्चात्ताप झालेला नाही.

शनिवारी उत्खनन. शेजारच्यांकडून चार घमेली वाळू आणून आम्ही अंगणात पसरली आणि तिच्यात थर्माकोलची हाडं पुरली. शास्त्रज्ञ कसे खणतात ते मी वाचून ठेवलं होतं. सुतळीने वाळूचे चौकोन पाडले, प्रत्येकाच्या हातात रंगाचा एकेक ब्रश दिला.

"एक चौकोन पुरा झाल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. एकही सोडायचा नाही. कुठे आहे ते माहीत नसेल तर हाच उपाय. आणि ज्याला सापडेल त्याने नाव ठेवायचं."

मल्हारला कवटी सापडली. त्याने तिचं नाव 'उपमा' ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मला आवडत नाही." तनिष्काने बरगडीचं नाव तनिष्का ठेवलं. केतकीने आपल्या चौकोनातून सबंध मांडीचं हाड काढलं, अगदी फुंकर मारून साफ केलं आणि परत ठेवून दिलं.

"नाव?" मी विचारलं.

"माझ्याकडे एकच आहे. ते ठरलेलं आहे."

साडेबाराला मुलं घरी गेली. मी ओसरीवर खुर्चीत पडलो होतो. माई आत पानं घेत होती. केतकी समोर येऊन उभी राहिली. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला मिठाचा डबा.

"चला आबा."

"कुठे?"

"बाळाला काढायला."

माझ्या तोंडावर सवयीने काहीतरी गमतीचं यायला लागलं. ते अर्ध्यात आटलं.

"कुठून काढायचं?"

"मातीतून. त्या काकू माईला म्हणत होत्या ना, एवढुशा जिवाला पुरावंच लागतं. मला ऐकू आलं." ती जरा जवळ आली. "आणि तुम्ही मीठ नेलंत की. मी जेवत होते. तुम्ही सगळी पिशवी घेतलीत. मी विचारलं मीठ कुणाला, तर तुम्ही म्हणालात, बाळाला."

म्हणालो होतो. त्या दिवशी हेरंबराव बाळाला घेऊन दवाखान्याच्या दाराशी थांबले होते आणि मी पांढरं कापड आणि मीठ न्यायला घरी आलो होतो. तान्ह्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि वर मीठ घालतात. नातीने विचारल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. आयुष्यात खरं असं मी चुकूनच बोललो आहे, आणि त्याचं हे झालं.

"खूप दिवस झाले," केतकी म्हणाली. "आता सुटलं असेल. नाहीतर आणखी घालू. मी डबा घेतलाय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. माई दारात आली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे फक्त बघत राहिली. आता उद्या नव्हता.

मी केतकीला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बोलता आलं नसतं. "केतकी, ते मीठ वेगळं होतं," मी म्हणालो. "बाळ वारलं. त्याचं छातीतलं यंत्र बंद पडलं. ते आता सुटणार नाही."

"डायनोसॉर सुटले."

"ते प्लास्टिकचे होते. खोटे."

"बाळ खरं होतं?"

"हो."

"खरं असलं की सुटत नाही?"

"नाही गं."

"धीर धरला तरी?"

"तरी."

तिने डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं. रडली नाही. एखादा हिशेब चुकावा आणि नेमका कुठे ते सापडू नये, असा चेहरा करून ती उभी राहिली. मग म्हणाली, "मग मी नाव कुणाच्या कानात सांगू?"

लोक मला हजरजबाबी म्हणत. एका मंत्र्याने भर सभेत माझी खोड काढली होती, त्याला मी तिथल्या तिथे असं उत्तर दिलं होतं, की तो पुढचे तीन महिने कराडला फिरकला नाही. त्या दुपारी मी म्हणालो, "माझ्या कानात सांग."

"तुम्हाला नाव आहे की!"

जिन्याची पायरी वाजली. शर्वरी खाली आली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. केस विस्कटलेले, अंगावर माईचा जुना गाऊन. ती किती वेळ तिथे होती कुणास ठाऊक. कठड्याला धरून ती म्हणाली, "बाबा, चपला घाला."

"शरू, बायका जात नाहीत तिकडे," माई पुटपुटली. "आणि तू अशी ओली बाळंतीण..."

"आई, बाळंतीण आहे ना मी? मग बाळाच्या बारशाला जाते."

माई आत गेली, सुती रुमाल घेऊन आली आणि मुलीच्या कानांवरून घट्ट बांधला. "वारा लागेल," एवढंच म्हणाली. मग केतकीच्या हातातून मिठाचा डबा आणि ब्रश काढून घेतला, आणि रिक्षा बघायला स्वतः अनवाणी फाटकापर्यंत गेली. रिक्षात आम्ही तिघंच बसलो, ती फाटकाशी थांबली.

नदीच्या अंगाला, स्मशानाच्या पलीकडे मोकळी पड जमीन आहे. काळी माती, मध्ये मध्ये वाळकं गवत, एका टोकाला बाभूळ. दुपारचं तिथे चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाला लांब थांबला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"कुठे, बाबा?" शर्वरीने विचारलं.

मी पुढे झालो. चार पावलं गेलो. डावीकडे वळलो, परत आलो. सगळी जमीन सारखी होती. त्या दिवशी माती लोटून झाल्यावर तिथला म्हातारा कामगार म्हणाला होता, "मागं वळून बघायचं नाही. सरळ चला." आणि मी बघितलं नव्हतं. चाळीस वर्षं एकूण एक रूढीची टिंगल केली आणि नेमकी हीच पाळली.

पायाखालची एखादी जागा दाखवून 'ही' म्हणणं सोपं होतं. दोघींनाही ते पटलं असतं. मी बोट उचललं सुद्धा.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी खूण केली नाही, शरू. मागे पाहू नका म्हणाले, म्हणून पाहिलं नाही. या दगडापासून त्या बाभळीपर्यंत कुठेतरी आहे."

शर्वरी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या जमिनीकडे बघत राहिली. एवढ्याशा बाळाला ती जमीन फार मोठी होती.

"काठी द्या," केतकी म्हणाली.

"कशाला?"

"चौकोन पाडायला. तुम्हीच म्हणालात ना, कुठे आहे ते माहीत नसलं की एकही सोडायचा नाही."

मी बाभळीची वाळकी फांदी आणून दिली. तिने दगडापासून रेघा मारायला सुरुवात केली. रेघा वाकड्या, चौकोन कुठे मोठे, कुठे लहान. पण तिचं काम चोख होतं. पहिल्या चौकोनात ती पोटावर आडवी झाली, गाल मातीला टेकवला, तोंडाभोवती हाताचा आडोसा केला. "कुर्रर्र..." एवढं मला ऐकू आलं. पुढचं नाही. उठली, फ्रॉक झटकला, दुसऱ्या चौकोनात गेली. पुन्हा आडवी. पुन्हा कुर्रर्र.

सहाव्या की सातव्या चौकोनाशी ती दमून बसली. समोर अजून सगळी जमीन पसरलेली होती. शर्वरी जाऊन तिच्याशेजारी बसली.

"मला सांगतेस? निम्मे मी करते."

केतकीने विचार केला. "बारशाआधी सांगायचं नसतं."

"बरोबर."

"पण आता बारसं चालूच आहे ना?"

"चालूच आहे."

"मग आता चालेल."

शर्वरीने कानांवरचा रुमाल सोडला आणि मान खाली केली. केतकीने दोन्ही हातांनी तिचा कान धरला आणि नाव सांगितलं. शर्वरी बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, "छान आहे गं. खूप छान आहे," आणि बाभळीच्या टोकाला गेली. तिथून तिने सुरुवात केली. पोटावर झोपणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून वाकत होती, कपाळ मातीला लागेपर्यंत.

"मी करू का काही चौकोन?" मी विचारलं.

"तुम्हाला नाव कुठे माहीत आहे?" केतकी म्हणाली.

"सांग की मग."

"आबा, बारशाला आजोबा नुसते बसतात."

ती आता एकोणीस वर्षांची आहे. अजून ते नाव मला माहीत नाही. शर्वरीही सांगत नाही. माईला माहीत असावं असा मला संशय आहे, पण तीही बोलत नाही. मध्यंतरी मी केतकीला म्हटलं, आता मला फार दिवस नाहीत, सांगून टाक. तर म्हणाली, "तेव्हा जवळ येऊन ऐकायचं होतंत." हा खवचटपणा माझ्याकडून आलेला आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

मग मी नुसता बसलो. ज्या जमिनीवर बसत होतो तिचा चौकोन झाला होता की राहिला होता ते कळेना, म्हणून सगळा भार हातांवर घेऊन बेताने बसलो. हातात शर्वरीने बाभळीकडे जाताना दिलेला रुमाल होता. एका बाजूने मुलगी येत होती, दुसऱ्या बाजूने नात. मधली जमीन कमी होत होती. ऊन कपाळावर आलं होतं, पण दोघींपैकी कुणीही घाई केली नाही. शेवटचा चौकोन दोघींच्या मध्ये आला तेव्हा शर्वरी मागे सरकली, आणि तो केतकीने केला.

मग ती उठून माझ्याकडे यायला लागली. गालाला, नाकाला, पापण्यांना काळी माती. सरळ माझ्याकडे पाहत येत होती. आता ती काहीतरी विचारणार हे मला स्पष्ट दिसत होतं. बाळाने ऐकलं का, बाळाला दुखलं का, आईपण अशीच जाईल का, तुम्ही कधी जाणार. मी मनाशी ठरवलं, की या खेपेला एकही उत्तर टाळायचं नाही, एकाचीही गंमत करायची नाही. सगळं खरं सांगायचं. त्यासाठी मी पाठ ताठ केली.

ती समोर येऊन थांबली. माझ्या खांद्याला धरून तिने एक पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आबा, बुटात माती गेलीये. काढा ना."